तीन फुटांची टोळी, आठ फुटांचा तट

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी, भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या टेबलावर हाफलिंग किंवा नोम (दोन्ही तीन फुटांच्या आसपासचे कल्पित लोक) घेणारा सहसा एकटाच असतो. बाकीची टोळी साडेपाच-सहा फुटांची, आणि हा त्यांच्या कमरेला. मग त्याच्या वाट्याला दोनच कामं येतात: कुलपं उघडणं आणि हसवणं. या रेसमध्ये (म्हणजे वंशांमध्ये) खरी गंमत कुठे आहे ते बघायचं असेल तर आख्खी टोळीच लहान चणीची घ्यावी आणि जग मात्र मोठ्या माणसांच्या मापाचं ठेवावं. आम्ही अशी मोहीम मालवणच्या बाजूला रचली: खाडीच्या तोंडाशी एक कल्पित गाव आणि समोरच्या बेटावर एक कल्पित किल्ला. खेळणारे निम्मे गावातले, निम्मे गणपतीला आणि मे महिन्यात येणारे चाकरमानी. नियम 2014 च्या प्लेअर्स हँडबुकचे ठेवले, कारण तेच पुस्तक बहुतेकांकडे होतं.

बसल्याबसल्या एक गोष्ट सगळ्यांना सांगून टाकावी लागते. या आवृत्तीत लहान असण्याची शिक्षा जवळजवळ नाही. ओझं वाहायची मर्यादा ताकदीच्या आकड्याच्या 15 पट पौंड, आणि ती तीन फुटांच्या हाफलिंगला तेवढीच जेवढी सहा फुटांच्या माणसाला. हाफलिंगचं स्वतःचं वजन 40 पौंडांच्या आसपास, चेनमेलचं 55 पौंड. म्हणजे गडी आपल्यापेक्षा जड चिलखत घालून फिरतो आणि पुस्तकाला त्यात काही वावगं वाटत नाही. खरे तोटे दोनच: चाल (एका पाळीत जाता येणारं अंतर) 30 ऐवजी 25 फूट, आणि ‘हेवी’ शिक्का असलेल्या शस्त्रांनी हल्ला केला की डिसॲडव्हांटेज (20 बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा; ॲडव्हांटेज असेल तर मोठा). ग्रेटसोर्ड, ग्रेटॲक्स, लाँगबो यांवर पाणी सोडायचं. साधी लाँगसोर्ड चालते, रेपियर चालते, शॉर्टबो चालतो.

पूर्वी असं नव्हतं. 1974 च्या मूळ खेळात हाफलिंगला हॉबिटच म्हणत (हा टॉल्किनच्या कादंबऱ्यांतला शब्द; पुढे त्यांच्या हक्कदारांच्या हरकतीमुळे बदलला) आणि त्याला लढवय्या म्हणून चौथ्या पातळीच्या वर जाताच येत नसे. 1981 च्या बेसिक संचात हाफलिंग हाच एक क्लास (लढवय्या, चोर यांसारखा पेशा) होता, आठव्या पातळीला थांबणारा; पण रानात लपला की सापडण्याची शक्यता फक्त 10 टक्के, आणि माणसापेक्षा मोठ्या प्राण्याने हल्ला केला तर आर्मर क्लास (शत्रूला फटका मारायला गाठावा लागणारा आकडा) दोनने चांगला. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत लहान आकाराला आर्मर क्लासमध्ये एक, हल्ल्यात एक, लपण्यात चार अशी भर मिळे. बदल्यात चाल 20 फूट आणि ओझं पाऊणपट. तेव्हा लहानपण आकडे सांभाळायचे. आता ते डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नकाशातून सांभाळायचं असतं. नाही सांभाळलं तर तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळे विसरतात की कॅरेक्टरची उंची तीन फूट आहे.

कोकणातलं घर यासाठी फार सोयीचं. जोत्याची उंची अडीच फूट लिहून ठेवली की ओटीवर बसणं हीसुद्धा एक कृती होते: मोठा माणूस सरळ टेकतो, हाफलिंगला आधी हात टेकून चढावं लागतं. विहिरीचा कठडा त्याच्या डोळ्यांच्या वर. आतलं पाणी बघायचं तर कोणीतरी उचलून धरायला हवं. दाराचा आडणा, देवळीतला दिवा, माळ्याची शिडी, शिंकं, सगळं हाताबाहेर. उलट पडवीतल्या कणगीमागची फट, जोत्याखालची कोंबड्यांची खुराडी, गडग्यातलं पाणी जायला ठेवलेलं भोक हे सगळं आपलं. म्हणून नकाशावर प्रत्येक गोष्टीशेजारी पेन्सिलने उंची लिहायची. खेळाडूंकडून ‘किती उंच आहे?’ हा प्रश्न यायला लागला की काम झालं.

उंचीच्या बाबतीत पुस्तकात एक नियम आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. उंच उडी म्हणजे तीन फूट अधिक ताकदीचा मॉडिफायर (ताकदीवरून मिळणारी भर किंवा घट: 10 ला शून्य, 8 ला उणे एक), तेही आधी 10 फूट धावून, जागेवरून निम्मी. उडीत हात वर करून पोचता येतं ते उडीची उंची अधिक स्वतःच्या उंचीच्या दीडपट. ताकद 10 असलेला सहा फुटांचा माणूस 3 आणि 9 मिळून 12 फुटांवर हात घालतो. त्याच ताकदीचा तीन फुटांचा हाफलिंग 3 आणि साडेचार, म्हणजे साडेसात फूट. ताकद 8 असेल तर साडेसहा. आमच्या किल्ल्याचा पडका तट आम्ही मुद्दाम आठ फुटांचा ठेवला. माणसाला तो अडवतच नाही. टोळीला अर्ध्या फुटाने अडवतो, आणि हे अर्धं फूट टेबलावर पाऊण तास पुरतं.

तिघांनी एकावर एक उभं राहायचं ठरलं तर गणित असं: खांदा अडीच फुटांवर धरला तर तिसऱ्याचे पाय पाच फुटांवर, हात साडेनऊ फुटांवर. तट सहज हाती. पण सगळ्यात खालच्यावर भार किती? वरच्या दोघांचं अंगचं वजन 45 धरलं, सामान 30, म्हणजे माणशी 75 पौंड, दोघांचे 150, स्वतःचं सामान 30. एकूण 180, म्हणजे खालच्याला ताकद किमान 12 हवी. लहान चणीच्या टोळीत ताकद 12 असलेला एकही जण नसतो हे तेव्हाच लक्षात येतं, कारण सगळ्यांनी चपळाई आणि बुद्धीत गुण ओतलेले असतात. मग सामान खाली टाकायचं की दोरखंडाला आकडा बांधायचा यावर वाद. 50 फूट दोरखंड एका सोन्याच्या नाण्याला मिळतो, आकडा दोनला. तो कोणी घेतलेला नसतो. डीएमने आठवण करून द्यायची नाही.

दुसरा रस्ता मोरीचा. तटाच्या पायातून सांडपाणी समुद्रात सोडणारी, अडीच फूट रुंद, जांभ्या दगडात कोरलेली. खेळात आकार चढत्या क्रमाने टायनी, स्मॉल, मीडियम, लार्ज; टोळी स्मॉल, माणूस मीडियम. अडीच फूट ही ‘टायनी’ प्राण्याची जागा. स्मॉल प्राणी एक आकार खालच्या जागेत अंग चोरून जाऊ शकतो, मीडियम माणसाला दोन आकार खाली जाता येत नाही. म्हणजे ही वाट नियमानेच फक्त टोळीची. अंग चोरून जाताना प्रत्येक फुटाला एक फूट जास्त खर्च होतो, तेव्हा 25 ची चाल जेमतेम 12 फुटांवर येते. 30 फुटांची मोरी म्हणजे तीन फेऱ्या (एका फेरीत प्रत्येकाची एक पाळी). त्या वेळात आपल्या हल्ल्याला आणि डेक्स्टेरिटी सेव्हला (चपळाईने धोका टाळायच्या फेकीला) डिसॲडव्हांटेज, आपल्यावर होणाऱ्या हल्ल्याला ॲडव्हांटेज.

आत आम्ही फुरसं ठेवतो. आकडे मॉन्स्टर मॅन्युअल या प्राण्यांच्या पुस्तकातल्या साध्या विषारी सापाचे: हिट पॉइंट (जीव किती ते) फक्त दोन, चावा एका पॉइंटचा, पण त्यावर कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह 10, नाहीतर 2d4 (चार बाजूंचे दोन फासे) विष; सेव्ह जमला तरी निम्मं. कागदावर हा प्राणी विनोद वाटतो. मोरीत नाही. सर्वांत पुढे रांगणाऱ्याला वळता येत नाही, मागच्याला पुढे येता येत नाही, आणि पुढे हाफलिंग असेल तर त्याला काळोखात दिसतही नाही. नोमला, गोब्लिनला 60 फुटांपर्यंत डार्कव्हिजन आहे, हाफलिंगला नाही. नवे खेळाडू हे हमखास विसरतात. दात-ओठ खाऊन मशाल पुढे सरकवत जायचं. पहिल्या पातळीच्या नोम विझार्डचे (मांत्रिकाचे) हिट पॉइंट सातआठ असतात, साप ॲडव्हांटेजने चावतो, विष सरासरी पाच. दोन चाव्यांत नोम आडवा. इथे स्टाउट हाफलिंग (हाफलिंगची एक पोटजात) पुढे घालावा: विषाच्या सेव्हला ॲडव्हांटेज आणि विषाचं नुकसान निम्मं.

पाणी हा तिसरा अडसर, आणि किनाऱ्यावर तोच घड्याळाचं काम करतो. किती खोल पाण्यात कोणाला पोहावं लागेल याचा नियम पुस्तकात नाही, म्हणून आम्ही ठरवून टाकला. एक फूट पाणी असेपर्यंत सगळे नीट चालतात. दोन फुटांना टोळीसाठी अवघड जमीन, माणसांसाठी काही नाही. तीन फुटांना टोळी पोहते, माणसं अवघड जमिनीतून चालतात. पाच फुटांना सगळे पोहतात. पोहण्याला दुप्पट खर्च, त्यामुळे 25 च्या चालीला एका फेरीत नकाशावरचे पाच फुटांचे दोनच चौकोन मिळतात, माणसाला तीन. बेटावर जायची वाट ओहोटीला उघडी पडते. खेळातली दर दहा मिनिटं झाली की पाणी अर्धा फूट चढवायचं, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला एक फूट. परतीच्या वाटेवर पहारेकरी कमरेएवढ्या पाण्यातून चालत येतात तेव्हा टोळीतले गटांगळ्या खात असतात. भांगाच्या (भरती कमी चढते त्या) दिवशी मोहीम काढायची हे डोकं दर्यावर्दी घरातल्या खेळाडूचंच चालतं. मुंबईकर ते विसरतात.

आता लढाई. किनाऱ्यावरच्या माणसांना भुताखेतांची कमी नाही, पण त्यांना आकडे मात्र पुस्तकातलेच लावावेत. खवीस म्हणून आम्ही ओगर हा धिप्पाड राक्षस वापरतो: आकार लार्ज, चाल 40, ताकद 19. त्याच्याशी लढताना सगळ्यांना उपयोगी पडणारा नियम म्हणजे शत्रू दोन आकार मोठा असेल तर त्याच्या जागेतून आरपार जाता येतं. हे हाफलिंगचं खास कौशल्य नव्हे. नोम, गोब्लिन, कोबोल्ड (हेही स्मॉलच) कोणीही जाऊ शकतो. हाफलिंगला अधिक मिळतं ते एवढंच की तो एका आकाराने मोठ्या, म्हणजे साध्या माणसाच्या पायांतूनही जातो. दुसऱ्याची जागा अवघड जमीन धरली जाते, म्हणून खवीसाच्या दोन चौकोनांना 20 फूट, पलीकडे बाहेर पडायला पाच. बरोबर 25. अगदी लगत उभा असलेला हाफलिंग त्याच्या ढेंगांतून निघून पाठीशी उभा राहतो, आणि त्याच्या टप्प्याबाहेर गेलेला नसल्यामुळे जाता जाता फटकाही बसत नाही. एक चौकोन लांबून निघाला तर मध्येच अडकतो, कारण दुसऱ्याच्या जागेत चाल संपवता येत नाही. तेव्हा आधी लगत जायचं, पुढच्या पाळीला आरपार.

याची दुसरी बाजू वाईट आहे. पकडलेल्याला ओढून नेताना चाल निम्मी होते, पण धरलेला प्राणी दोन आकार लहान असेल तर होत नाही. खवीसाने माणूस धरला तर तो 20 फूट सरकतो. हाफलिंग धरला तर बगलेत मारून पूर्ण 40 फूट. पहिल्या पाळीत त्याने हल्ल्याऐवजी पकड घेतली आणि पाखाडीवरून 40 फूट वर गेला. टोळी डॅश करून (हल्ला सोडून दुप्पट चाल) 50 फूट धावली. पुढच्या पाळीत त्याने डॅश घेतला: 80. संपलं. धरलेला खेळाडू ओरडतो, ‘माका खंय व्हरता ह्यो!’ आणि बाकीचे नकाशाकडे बघत राहतात. उपाय दोन. धरलेल्याने आपल्या पाळीला लगेच ॲक्रोबॅटिक्सने सुटायचा प्रयत्न करायचा; खवीसाला ॲथलेटिक्सचं प्रावीण्य नाही, फक्त ताकदीचे चार, आणि ‘रोग’ (rogue, चोर) क्लासच्या गड्याचे पाच-सात असतात, म्हणजे पारडं आपल्या बाजूला. दुसरा उपाय कुत्रा.

बसायचं जनावर स्वारापेक्षा एक आकार मोठं लागतं. माणसाला घोडा, म्हणजे लार्ज. स्मॉल स्वाराला मीडियम कुत्राही पुरतो. मॅस्टिफ 25 सोन्याच्या नाण्यांचा, चाल 40. माणूस घोड्यावर बसून पाच फुटांच्या बोळात शिरला तर घोड्याला अंग चोरावं लागतं. हाफलिंग कुत्र्यावर बसून पाखाडी, पाणंद, वाड्याचं माजघर सगळीकडे फिरतो. त्यात लान्स (स्वाराचा लांब भाला) हे शस्त्र 2014 च्या पुस्तकात ‘हेवी’ नाही: 1d12, टप्पा 10 फूट, जनावरावर बसलं की एका हाताने चालतं. ग्रेटॲक्सचा बारा बाजूंचा फासा नाकारला गेला होता तो इथे ढालीसकट परत मिळतो. पाच फुटांच्या आतल्या शत्रूवर लान्सला डिसॲडव्हांटेज, म्हणून कुत्र्याला डिसएंगेज (फटका न खाता बाजूला होणं) करायला लावून एक चौकोन मागे घ्यायचा आणि मग भोसकायचं. अडचण एकच: मॅस्टिफचे हिट पॉइंट पाच. पहिल्या फटक्यात जातो, आणि टेबलावर माणूस मेल्यापेक्षा जास्त शोककळा पसरते. पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) पाचव्या पातळीला फाइंड स्टीड हा बसायचं जनावर बोलावणारा मंत्र मिळतो, त्यात मॅस्टिफ घेता येतो आणि तो पडला तरी परत बोलावता येतो. तोवर चिखलाच्या कांदळवनात कुत्रा नेऊ नये.

फक्त लहानांच्या टोळीत एक गुण गुपचूप निकामी होतो. लाइटफूट हाफलिंग (दुसरी पोटजात) आपल्यापेक्षा मोठ्या प्राण्याच्या आडोशाला लपू शकतो; सगळे सोबती स्मॉल असतील तर लपायचं कोणामागे? उत्तर पुन्हा कुत्रा. तो मीडियम आहे.

कोबोल्ड घेणाऱ्याला हंगाम बघावा लागतो. व्होलोच्या मार्गदर्शकातला (याच खेळाचं 2016 चं पुस्तक) कोबोल्ड सोबती शत्रूच्या लगत असला की ॲडव्हांटेज घेतो, पण थेट उन्हात त्याला डिसॲडव्हांटेज, आणि दोन्ही एकमेकांना खातात. वैशाखात पुळणीवर दुपारी त्याचा काही उपयोग नाही. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असतं तेव्हा, किंवा पोफळीच्या बागेत, तो टोळीतला सगळ्यात भयंकर गडी. आम्ही सुट्टीप्रमाणे खेळातला महिनाही बदलतो, म्हणून गणपतीतली मोहीम कोबोल्डची आणि मे महिन्यातली हाफलिंगची.

समंधाला घोस्टचे आकडे. त्याचं भेसूर रूप पाहिलं की विस्डम सेव्ह 13, नाहीतर मिनिटभर घाबरणं, आणि पाच किंवा अधिकने चुकलं तर 1d4 गुणिले 10 वर्षांनी म्हातारपण. हाफलिंगला घाबरण्याविरुद्ध ॲडव्हांटेज आहेच. नोमला जादूविरुद्धच्या मानसिक सेव्हला ॲडव्हांटेज असतं, पण घोस्टचं रूप जादू म्हणून लिहिलेलं नाही, तेव्हा ते इथे लागू करू नये. खेळाडू भांडतो, ऐकायचं नाही. त्याची भरपाई आयुष्यात आहे. माणसाची 40 वर्षं गेली की कॅरेक्टर संपल्यात जमा. हाफलिंग दीडशेपर्यंत जगतो. नोम साडेतीनशे ते पाचशेपर्यंत, त्याला 40 वर्षं म्हणजे दाढीत चार केस पांढरे.

हाफलिंगच्या नशिबाबद्दल मात्र लोक उगाच हवा करतात. हल्ला, चाचणी किंवा सेव्हला 1 पडला की तो फासा पुन्हा टाकायचा. 1 येण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून 400 त एकवर येते हे खरं, पण सरासरी साडेदहावरून जेमतेम अकराच्या जवळ जाते. नुकसानीच्या फाशांना ते लागूच नाही. त्याचा खरा उपयोग वागण्यात दिसतो: ज्याला 1 ची भीती नाही तो खेळाडू दोरीवरून चालायला, होडीतून होडीत उडी मारायला तयार होतो.

माणसांशी बोलण्याच्या प्रसंगांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चालते आणि बिघडतेही: गावकरी यांना पोरं समजतात. आठवड्याच्या बाजारात मासे विकणारी म्हातारी दोनशे वर्षांच्या नोमला ‘झिला, कोणाचो रे तू?’ विचारते. टोळीला हेरगिरीला हे फुकटचं सोंग मिळतं. पण खेळाडू मग खरोखर बोबडं बोलायला लागतात, आणि दुसऱ्या तासाला कान किटतात. हाफलिंग विशीत वयात येतो हे आधीच सांगावं, आणि आवाज बदलायचाच असेल तर बारीक करण्याऐवजी सावकाश करावा.

चोरीचा प्रश्न जुना. ड्रॅगनलान्स या खेळाच्याच एका कथाविश्वातल्या केंडर नावाच्या लहान लोकांनी ‘सहज हाताला लागलं’ म्हणून सोबत्यांच्याच खिशात हात घालायची सवय लावली आणि त्यावरून आजही टेबलं मोडतात. पहिल्या बैठकीत एक ओळ कॅरेक्टर शीटवर लिहून घ्यायची: टोळीतल्या कोणाचं काही घेणार नाही. बाहेरच्यांचं काय वाटेल ते घ्या.

सामानाचं थोडं. दुकानातला कार्डशीट 22 बाय 28 इंचांचा मिळतो. एक इंच म्हणजे पाच फूट धरून 110 बाय 140 फुटांचा नकाशा होतो. पावसात तो दमट होऊन वळतो, तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून वर प्लॅस्टिक चढवून घ्यावं. खेळात स्मॉल आणि मीडियम दोघांनाही एकच चौकोन लागतो, म्हणून सोंगट्या सारख्या आकाराच्या घेतल्या की फरक डोळ्यांना दिसत नाही. टोळीला चिंचोके, माणसांना सुपारीची अर्धी फोड (आख्खी घरंगळते), खवीसाला कॅरमची सोंगटी. ती तीन सेंटिमीटरच्या वर असल्याने एका चौकोनात मावत नाही, पण खवीसाला तसेही चार लागतात. 28 मिलिमीटरच्या मापाच्या मूर्ती कोणी आणल्या तर हाफलिंग 14-15 मिलिमीटरचा असायला हवा. बाजारातले बरेचसे त्याहून उंच असतात. फासे सारवलेल्या खळ्यात टाकू नयेत, तिथे ते नीट घरंगळत नाहीत आणि प्रत्येक फेकीवर वाद होतो. सूप घ्यावं.

2024 चं पुस्तक वापरणार असाल तर वरची बरीच मापं बदलतात. हाफलिंग आणि नोम दोघांची चाल 30 झाली, त्यामुळे खवीसाच्या पायांतून निघाल्यावर पाच फूट शिल्लक राहतात. हेवी शस्त्रांची अट आकारावरून काढून 13 ताकदीवर (धनुष्याला 13 डेक्स्टेरिटीवर) नेली. लान्स 1d10 चा आणि हेवी झाला, म्हणजे कुत्र्यावरच्या पॅलाडिनला आता ताकद 13 ठेवावी लागेल; तीन जणांच्या मनोऱ्यात सगळ्यात खाली त्यालाच उभं करा.